नो ड्यूजचा दाखला

घरी भाकऱ्या थापत ऐकत असाल, काजू फोडत ऐकत असाल, गटाच्या बैठकीत मोबाईल मध्ये ठेवून सगळ्या मिळून ऐकत असाल, तर सगळ्यांना माझा नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक. आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच गटांत माझं येणं-जाणं आहे, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटेल. आजचा विषय मात्र बँकेचा नाही, कर्जाचाही नाही. आज मी माझ्या स्वतःच्या आजारपणाबद्दल बोलणार आहे. बोलू की नको असं दोन महिने चाललं होतं. शेवटी ठरवलं, बोलायचं.

सुरुवात मात्र कर्जापासूनच करते. गटाचं कर्ज फिटतं तेव्हा आपण काय करतो? शेवटचा हप्ता भरला की उठून घरी जात नाही. बँकेकडून नो ड्यूजचा दाखला घेतो. का? कारण आपल्याला वाटतं फिटलं, आणि खात्यावर कुठेतरी दोनशे रुपये राहिलेले असतात. ते दोनशे गुपचूप वाढत राहतात. दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा कळतं. हे मी तुम्हाला प्रत्येक बैठकीत सांगते. आणि स्वतःच्या शरीराच्या बाबतीत नेमकं हेच मी विसरले.

माझं वय ३६. तीन वर्षांपूर्वी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या बायकांची तपासणी होती. आशाताईंनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही आधी आत जा, म्हणजे बाकीच्या जातील." म्हणून मी पहिली गेले. मला काहीही त्रास नव्हता. सिस्टरनी गर्भाशयाच्या तोंडाला, म्हणजे पिशवीच्या मुखाला, व्हिनेगरसारखं पातळ औषध लावलं आणि एक मिनिट थांबल्या. ज्या जागी पेशी बिघडायला लागलेल्या असतात ती जागा त्या औषधानं पांढरी दिसते. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. माझी जागा पांढरी दिसली.

मला पुढे पाठवलं. तिथे दुर्बिणीतून पाहिलं, त्याला कोल्पोस्कोपी म्हणतात. छोटा तुकडा काढून तपासला. रिपोर्टवर लिहून आलं, सीआयएन ३. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. म्हणाल्या, "हा कर्करोग नाही. कर्करोगाच्या आधीची पायरी आहे. पायऱ्या तीन, तुम्ही तिसरीवर आहात. आत्ता काढलं तर पुढचं टळेल." तारेच्या छोट्या कड्यानं तेवढा भाग काढला. याला लीप म्हणतात. जागा बधिर केली होती, संध्याकाळी घरी आले. चौथ्या दिवशी बैठकीला गेले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. काढलेला तुकडा पुन्हा तपासून आला होता, त्याच्या कागदावर लिहिलं होतं की कडेला बिघडलेल्या पेशी आहेत. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "सहा महिन्यांनी नक्की या." मी हो म्हटलं. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. सहा महिन्यांनी गणपती होते, घर चाकरमान्यांनी भरलेलं. मग मुलीची परीक्षा. मग आंबा. सासूबाई म्हणाल्या, "अगो, आता बरी झालीस ना? मग परत कशाला दाखवायचं?" मलाही तेच ऐकायचं होतं. दुखत नव्हतं, अंगावरून जात नव्हतं, पाळी वेळेवर होती.

दीड वर्ष गेलं. एका बैठकीत, मीच जिला तपासणीला पाठवलं होतं अशी एक वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, आमचे हप्ते बरोबर विचारता. तुमची तारीख कधीची होती?" मी खाली बघितलं. दुसऱ्या आठवड्यात एसटीत बसले.

तपासणीत कळलं, विषाणू अजून होता. आणि एक छोटा डाग परत आला होता. पुन्हा उपचार झाला. तो वेळेत सापडला, म्हणून मी आज इथे बसून तुमच्याशी बोलतेय. पण मधली दीड वर्षं मी नशिबावर काढली, हे खरं आहे.

त्यानंतर मी डॉक्टरबाईंना खूप प्रश्न विचारले. उपचार झाल्यावर हे परत का येतं? कुणाला येतं? जे कळलं ते सांगते.

आधी हे समजून घ्या की या सगळ्याच्या मुळाशी एक विषाणू आहे, एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो. बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं. काहींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. त्याचे प्रकार खूप आहेत, त्यात १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट. असा विषाणू वर्षानुवर्षं राहिला तर पेशी बिघडतात, आणि त्याकडे लक्ष दिलं नाही तर पुढे काहींना कर्करोग होतो.

आता उपचारानं काय होतं? बिघडलेला भाग काढला जातो, किंवा गोठवून, नाहीतर उष्णता देऊन नष्ट केला जातो. बहुतेकींचा विषाणूही त्याबरोबर काही महिन्यांत निघून जातो. पण सगळ्यांचा नाही. भाताची बेणणी करताना आपण तण उपटतो, तरी एखादं मूळ तुटून आत राहतं. वरून खाचर स्वच्छ दिसतं. म्हणून तर आपण दुसरी बेणणी करतो.

जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा असं दिसलं की उपचार झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण सहा-सात जणींना हा गंभीर बदल राहिलेला किंवा परत आलेला सापडतो. म्हणजे नव्वदहून जास्त जणी बऱ्या होतात. घाबरायचं कारण नाही. पण त्या सहा-सात जणींत आपण आहोत का, हे घरात बसून कुणालाच कळत नाही. परत आलेला डाग दुखत नाही. माझाही दुखला नव्हता.

धोका कुणाला जास्त, ते एकेक करून ऐका.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उपचारानंतरही विषाणू राहणं, त्यातही १६ नंबरचा. उपचारानंतर केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही, तर गंभीर बदल असण्याचा धोका शंभरात एकीपेक्षाही कमी असतो. मैत्रिणींनो, हाच आपला नो ड्यूजचा दाखला. त्यासाठी एचपीव्हीची तपासणी करावी लागते. पिशवीच्या मुखाजवळून मऊ ब्रशनं नमुना घेतात, दुखत नाही.

दुसरी गोष्ट, कड. काढलेल्या तुकड्याची कड स्वच्छ असेल तर शंभरात चारेक जणींना परत येतं. कडेला बिघडलेल्या पेशी असतील तर सतरा जणींना. म्हणजे चौपटीहून जास्त. पण यातही उरलेल्या त्र्याऐंशी जणींना येत नाही, हे विसरू नका. कड खराब आली म्हणजे लगेच सगळं कापून टाका, असा अर्थ नाही. तपासणी लवकर आणि न चुकता, एवढाच अर्थ. हे लक्षात ठेवा की तुकडा काढला असेल तरच कडेचा रिपोर्ट येतो. गोठवून किंवा उष्णता देऊन उपचार झाला असेल तर तपासायला तुकडाच नसतो. मग पुढची तपासणीच सगळं सांगते.

तिसरी, डाग किती मोठा होता आणि किती आत होता. तिसऱ्या पायरीचा, मोठा, किंवा आत नळीत शिरलेला डाग परत येण्याची शक्यता जास्त.

चौथी गोष्ट वयाची. पन्नाशीनंतर धोका वाढतो. पाळी गेल्यावर पेशी बिघडण्याची जागा आत सरकते, बाहेरून नीट दिसत नाही. व्हिनेगर लावूनही दिसत नाही. आणि आपल्याकडे पाळी गेली की बाई म्हणते, "आता माझं काय राहिलंय तपासायचं?" स्वीडनमध्ये उपचार झालेल्या बायकांकडे डॉक्टरांनी खूप वर्षं लक्ष ठेवलं. २५ वर्षांनंतरही त्यांचा धोका इतर बायकांपेक्षा जास्तच होता. तेव्हा ज्या काकूंचा किंवा आज्जींचा पूर्वी कधी असा उपचार झाला असेल, त्यांनी आपलं वय झालं म्हणून तपासणी सोडू नये.

पाचवी, शरीराची प्रतिकारशक्ती. एचआयव्ही असलेल्या बहिणींच्या शरीराला हा विषाणू हाकलणं जड जातं. त्यांना हा बदल जास्त होतो आणि उपचारानंतर जास्त वेळा परत येतो. पुण्यात 'प्रयास' संस्थेत एचआयव्ही असलेल्या अकराशेहून जास्त बायकांची अशी तपासणी झाली, ज्यांना गरज होती त्यांच्यावर उपचारही झाले. म्हणजे आपल्या राज्यात हे होऊ शकतं, झालेलं आहे. अशा बहिणींनी एआरटीच्या गोळ्या चुकवू नयेत. उपचारानंतर एका वर्षानं तपासणी स्वच्छ आली तरी त्यांनी त्यापुढच्या वर्षी पुन्हा करायची असते.

सहावी गोष्ट तंबाखूची. विडी-सिगारेटनं या आजाराचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे विडी ओढतो, आम्ही फक्त मिश्री लावतो. मिश्रीनं तोंडाचा कर्करोग होतो, तेवढं एक कारण ती सोडायला पुरेसं आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी माझ्या हातातली होती. वेळेवर परत न जाणं. वर सांगितलेल्या कितीतरी गोष्टी आपल्या हातात नसतात. ही असते.

आता घरातलं बोलते. आमचे हे मुंबईला कामाला. मी फोनवर विषाणूचं सांगितलं, तो शरीरसंबंधातून येतो हेही सांगितलं. तीन दिवस फोन आला नाही. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतेय. मला वाटलं ते माझ्यावर घेतायत. आपल्या कोकणात अर्ध्या घरांत नवरा मुंबईला आणि बायको गावाला, तिथे असा एक शब्द घर मोडायला पुरतो. म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगते. हा विषाणू शरीरात दहा-पंधरा वर्षंही गप्प पडून राहू शकतो. तो आज सापडला म्हणजे आज आला असं नाही. कुणाकडून आला हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. म्हणून त्यावरून कुणी कुणाला दोष देऊ नये. उपचारानंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, साधारण चार ते सहा आठवडे, संबंध ठेवायचे नाहीत. त्यानंतर निरोध वापरला तर विषाणू पुन्हा येण्याची शक्यता कमी होते. चौथ्या दिवशी यांचा फोन आला. म्हणाले, "पुढच्या वेळेला मी येतो सोबत." आले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती आहे पिशवी काढण्याची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची बातमी तुम्ही ऐकली असेल. तीन वर्षांत तिथल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कितीतरी जणींना कर्करोग होईल अशी भीती घातली होती. मैत्रिणींनो, अंगावरून पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची नसते. व्हीआयए पॉझिटिव्ह आली म्हणूनही काढायची नसते. सीआयएनच्या बहुतेक बायकांना तेवढा भाग काढणं पुरतं. कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं तर बायोप्सीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांची पिशवी खरोखर याच कारणासाठी काढली आहे, त्यांनी ऐका. तरीही तपासणी सुटत नाही. पिशवी काढलेल्या जागी, योनीच्या वरच्या भागात, हाच बदल होऊ शकतो. पिशवी गेली म्हणजे काळजी मिटली, असं नाही.

ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी उपचाराआधीच डॉक्टरांना तसं सांगावं. मुखाचा भाग जास्त किंवा पुन्हा पुन्हा काढला तर पुढे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून गरजेपुरतंच काढायचं आणि नंतर लक्ष ठेवायचं.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवीन नाही. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही टाटा हॉस्पिटलनं गावोगावी अशा तपासण्या केल्या आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून त्यांनी साध्या, शाळा शिकलेल्या बायकांना तयार करून व्हिनेगरची तपासणी करवली. या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाले. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा, तिथे १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात गावागावांतल्या १,३१,७४६ बायका होत्या. त्यातल्या ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथे तपासणी न झालेल्या गावांच्या मानानं या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. पण नुसती तपासणी करून हे झालं नाही. ज्यांच्यात दोष सापडला त्यांना परत बोलावलं, आणि त्या आल्या, म्हणून झालं.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. पण नीट ऐका. हे पाच वर्षांचं गणित ज्यांची तपासणी चांगली आली त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा उपचार झालाय त्यांच्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, उपचारानंतर १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी, जमेल तिथे एचपीव्हीची. माझ्यासारखी कड खराब असेल तर डॉक्टर त्याआधीही बोलावतात. आणि संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यानंतर रक्त, घाण वासाचं पाणी, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता जायचं.

लसीचंही बरेच जण विचारतात. लस मुलींसाठी, संसर्ग होण्याआधी घ्यायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपल्या देशातली लस तयार केली आहे. ९ ते १४ वर्षांच्या लेकींना, नातींना ती नक्की द्या. पण शरीरात बसलेला विषाणू लसीनं जात नाही. आपल्याला आपली तारीखच पाळायची आहे.

उपचार झालेल्या प्रत्येकीनं डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे. माझा बदल कोणत्या पायरीचा होता? तुकडा काढला असेल तर कड स्वच्छ आहे का? पुढची तपासणी कोणती आणि कोणत्या तारखेला? उत्तरं कागदावर लिहून मागायची. लाजायचं नाही. बँकेत पासबुक भरून मागताना आपण लाजतो का?

त्या बैठकीनंतर आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या, त्या सांगून थांबते. आम्ही गटाच्या वहीत एक रकाना वाढवला. त्यात आजाराचं नाव नाही, रिपोर्ट नाही, फक्त तारीख. कुणाची तारीख कशाची, हे तिला आणि तिच्या जोडीदारणीला माहीत. दुसरं, प्रत्येकीला एक जोडीदारीण. तारीख आली की तिनं आठवण करायची आणि सोबत जायचं. त्या दिवशी दोघींच्या घरची गुरं, मुलं बाकीच्यांनी बघायची. तिसरं, एसटीच्या भाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी गटाच्या निधीतून बिनव्याजी पैसे. रक्कम छोटीच असते, पण "पैसे नव्हते म्हणून गेले नाही" हे आता कुणी म्हणू शकत नाही. आणि तारीख शक्यतो आंब्याच्या आणि लावणीच्या दिवसांत पडणार नाही, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवतो. पण पडलीच, तर जायचं. आंबा पुढच्या वर्षी परत येतो.

माझी जोडीदारीण कोण, ते तुम्ही ओळखलं असेल. भर बैठकीत मला तारीख विचारणारी तीच वहिनी. दुसऱ्या उपचारानंतर वर्षानं आम्ही दोघी गेलो. एचपीव्हीची तपासणी निगेटिव्ह आली. ती कागद हातात धरून म्हणाली, "घ्या ताई, आला तुमचा दाखला." परत येताना स्टँडवर आम्ही चहा प्यायलो. डॉक्टरबाईंनी पुढच्या वर्षीची तारीख दिली आहे, ती वहीत लिहून ठेवली आहे.

तुमची तारीख कधीची आहे? आज घरी गेल्यावर रेशनकार्डाची पिशवी उघडून बघा. नमस्कार.